मालकांची दोन दारांची गाडी

पगार माझा, लायसन्स माझं, म्हातारे आईवडील माझे. पण नागोयात मी गाडी कोणती घ्यायची हे ठरवणार आमचे घरमालक. पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात. "भाडेकरूच्या गाडीशी घरमालकाचा काय संबंध?" असं विचारतात. मीही तेच विचारत होतो, आणि चांगला आवाज चढवून विचारत होतो. संबंध असा, की जपानात गाडी घ्यायच्या आधी ती रात्री कुठे उभी राहणार हे पोलिसांना दाखवावं लागतं. जागेचा नकाशा काढून द्यायचा आणि ज्याची जागा असेल त्याने कागदावर आपला शिक्का मारून द्यायचा. तो शिक्का नसेल तर खिशात पैसे असून उपयोग नाही. आमच्या मालकांचा शिक्का एका लाकडी डबीत असे, डबी तपकिरी कार्डिगनच्या आतल्या खिशात असे, आणि खिशाला बटण होतं. ते बटण माझ्यासाठी सात महिने उघडलं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी त्या बटणाची आठवण आली की माझं डोकं तापतं.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले पुण्यातून बॅगा भरभरून जपानला निघाले होते. कोणी कावासाकीला गेले, आम्ही नागोयाला आलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामावर. कंपनीला आमचं कोडिंग हवं होतं, पण शहराला आमचा शेजार नको होता. घरं दाखवणारी एजंटबाई मालकांना फोन लावायची, 'इंदोजिन' म्हणजे भारतीय, एवढा एक शब्द उच्चारायची आणि मग माना तुकवत फोन खाली ठेवायची. एकाने तर तोंडावर सांगितलं, की तुमच्या फोडणीचा वास भिंतीत मुरतो आणि पुढचा भाडेकरू मिळत नाही. आम्ही काय भिंतींना फोडणी देतो? पण बोलणार कोणाला.

असं आठ-नऊ ठिकाणी तोंड पोळल्यावर आम्ही या मालकांपुढे येऊन बसलो. सत्तरीचे, बुटके, पट्ट्याला मोजायची टेप अडकवलेली. माझं जपानी ऑफिसपुरतं. बायकोने, अनघाने, पुण्यात जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे बोलणं तिच्यामार्फत. मला वाटलं पगार विचारतील, व्हिसा विचारतील. त्यांनी विचारलं,

"पुण्यात तुमच्याकडे कोणतं वाहन होतं?"

"स्कूटर."

"एका लिटरला किती जायची?"

"पंचावन्न," मी कॅटलॉगमधला आकडा ठोकून दिला.

"मोजलंत?"

"म्हणजे?"

"तुम्ही स्वतः मोजलंत, की छापलेलं वाचलंत?"

मग ते अनघाकडे वळले. "कांदा परतताना खिडकी उघडी ठेवाल?"

"ठेवीन," ती म्हणाली.

"घर तुमचं," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी असं बघितलं, की हा माणूस नाइलाजाने पदरात पडतोय.

नंतर कळलं, की आमच्या आधी दोन मराठी कुटुंबांना त्यांनीच घर दिलं होतं आणि तेव्हापासून वस्तीच्या समितीशी त्यांचं वाजलेलं होतं. परदेशी लोक कचरा नीट वेगळा करत नाहीत, गाड्या कुठेही लावतात, अशी तक्रार कोणीतरी आधीच करून ठेवली होती. आम्ही अजून एक पिशवीही टाकलेली नसताना. मालकांनी समितीला लेखी दिलं होतं, की माझे भाडेकरू नियम मोडणार नाहीत, आणि मोडले तर जबाबदार मी. खाली शिक्का. तोच, डबीतला.

जपानी माणूस अबोल असतो असं आम्हाला पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. ज्याने शिकवलं त्याला मी आमच्या जिन्यात उभा करायला हवा होता. मालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. जिन्यात भेटले की अर्धा तास गेलाच. आणि बोलणं गोड नव्हे, तक्रारीचं. जगात सगळीकडे खोटे आकडे छापतात आणि लोक मुकाट्याने मानतात, हे त्यांचं मुख्य दुखणं. भात शिजायला कुकरवर लिहिलेल्यापेक्षा चार मिनिटं जास्त लागतात. बसच्या पाटीवर 'स्टेशनपासून सात मिनिटं' लिहिलंय, ती सात मिनिटं कोणाच्या पायांची? एकदा त्यांनी टॉयलेट पेपरचा अख्खा रोल आमच्या गॅलरीत उलगडून टेपने मोजला. छापल्यापेक्षा हातभर कमी भरला. कंपनीला पत्र गेलं. कंपनीकडून माफीचं पत्र आणि मोठं खोकं भरून रोल आले. मालकांनी पत्र ठेवून घेतलं आणि खोकं परत पाठवलं. "मी भीक मागितली नव्हती, बरोबर आकडा मागितला होता," असं ते पुढचा महिनाभर प्रत्येकाला ऐकवत होते.

आमच्या कचऱ्याच्या पिशव्याही ते तपासत. प्लॅस्टिकमध्ये कागद सापडला की पिशवी पुन्हा दारात. अशी पिशवी हातात घेऊन जिना चढताना मला इतका अपमान वाटायचा की काय सांगू.

त्यांची गाडी बाजूच्या भिंतीजवळ उभी असे. मोहरीसारखी पिवळी, बसकी, लांब नाकाची, मागून एकदम छाटल्यासारखी आणि दोनच दारांची. मागे सीट म्हणून जे काही होतं त्यात भाजीची पिशवी बसेल, माणूस नाही. तीस वर्षांची गाडी, पण अंगावर ओरखडा नाही. आमची पाच वर्षांची सई तिच्यात पहिल्यांदा बसली तेव्हा "काक्कोई!" म्हणजे 'कसली भारी!' असं ओरडली. मालक त्यावर पहिल्यांदा हसलेले मी बघितले. मग लगेच त्यांनी तिला चपला झटकायला लावल्या.

ती गाडी निवडल्याची कथा मी किमान दहा वेळा ऐकली. ऐकताना दर वेळी मालक नव्याने चिडत, तीस वर्षांपूर्वीच्या माणसांवर.

ते तेव्हा एका छोट्या कारखान्यात गाड्यांच्या स्प्रिंगा बनवत. जगभर तेलाच्या किमतींचा भडका उडाला. दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला, बायका पहाटे रांगा लावू लागल्या, रविवारी पेट्रोल पंप बंद. नेमकी तेव्हाच यांना पहिली गाडी घ्यायची होती. लोक म्हणाले, घ्यायचीच तर छोटी चौकोनी डबी घे, कमी पिते, स्वस्त असते. मालकांना डबी नको होती. त्यांना दोन दारांची, जमिनीला लागून पळणारी, वळणावर न डुलणारी गाडी हवी होती, पण डबीच्या किमतीत आणि डबीएवढ्याच पेट्रोलवर. "पेट्रोल महाग झालं म्हणून गरिबाने कुरूप वस्तूत बसायचं, असं कोणी ठरवलं?" हे सांगताना ते अजूनही टेबलावर हात आपटत. मालकीणबाई तोवर चहाचे पेले उचलून घेत.

तशा लहान स्पोर्ट्स गाड्या तेव्हा चार कंपन्यांच्या होत्या. चारी कॅटलॉग म्हणत होते, आमचीच सगळ्यात कमी पिते. मालकांनी साके दारूची रिकामी बाटली घेतली, तिच्यावर एक लिटरची रेघ मारली, इंजिनाकडे जाणारी नळी टाकीपासून काढून ती बाटलीत सोडायची सोय केली आणि बाटली डॅशबोर्डला दोरीने बांधली. धंदा बसल्यामुळे विक्रेतेही मेटाकुटीला आले होते. दोघांनी गाडी चालवून बघायला दिली, दोन गाड्या ओळखीच्यांकडून मिळाल्या. देवळापासून धरणाकडे जाणारा एकच रस्ता, एकच वेळ, शेजारच्या सीटवर मालकीणबाईंच्या वजनाचं तांदळाचं पोतं. बाटली संपली की गाडी आचके देत थांबायची. जिथे थांबली तिथल्या विजेच्या खांबाचा नंबर लिहून घ्यायचा.

"पोतं का? त्यांनाच का नाही नेलं?" मी एकदा विचारलं.

"मी नाही म्हटलं," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "दर वेळी गाडी बंद पडणार हे ठरलेलंच असेल तर मी कशाला जाऊ?"

सगळ्यात लांबच्या खांबापर्यंत पिवळी गेली. आणि इथेच घोळ झाला, कारण पिवळी होती प्रतिस्पर्धी कंपनीची. मालकांचा कारखाना ज्या कंपनीला स्प्रिंगा पुरवत होता तिचीच गाडी कामगारांनी घ्यायची, असा त्या भागातला अलिखित रिवाज. फोरमनने समजावलं, मग दरडावलं. मालक म्हणाले, तुमच्या गाडीला माझ्या स्प्रिंगा आहेत, मला त्यांचा अभिमान आहे, पण ती तीन खांब आधी थांबते. मग काय, परक्या गाडीला कारखान्याच्या आवारात जागा नाही. गाडी कालव्यापलीकडे लावायची आणि चालत यायचं. निवृत्त होईपर्यंत हा माणूस पावसात, बर्फात कालव्यावरून चालत कामावर गेला. बढतीही एकच मिळाली.

एका रविवारी त्यांनी मला ते खांब दाखवायला नेलं. "हा पहिलीचा. हा दुसरीचा." मी दोन तास खांब बघत होतो. सुट्टीच्या दिवशी! पण खोटं कशाला बोलू, घाटाच्या वळणांवर ती म्हातारी गाडी अशी वळत होती, की ऑफिस, डेडलाइन, सगळं दोन तास डोक्यातून गेलं होतं.

आता माझ्या गाडीचं. कंपनीचा कारखाना गावाबाहेर, बस तासाला एक. त्यात एप्रिलमध्ये आईबाबा तीन महिन्यांसाठी यायचे होते. अपघातानंतर बाबांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय सरळ ठेवूनच बसावं लागे. प्रोजेक्टमधल्या सगळ्यांनी आठ सीटच्या पांढऱ्या व्हॅन घेतल्या होत्या, बाजूला सरकणाऱ्या दाराच्या. रविवारी तीन-तीन कुटुंबं एका गाडीत घालून सहलींना जायची. बाबांचा पाय हे खरं कारण होतं, पण सगळ्यांकडे आहे म्हणून मलाही हवी होती, हेही तितकंच खरं. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालो आणि कागद घेऊन मालकांकडे गेलो.

आमच्या इमारतीत सहा घरं. पुढे पाच गाड्यांच्या आखलेल्या जागा, पाचही दिलेल्या. त्यातली एक होती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे. मला वाटलं, तो बाहेरचा, त्याला उठवतील आणि मला देतील.

"भाजीवाल्याला शब्द दिलाय," मालक म्हणाले. "तुमच्या गाडीची रुंदी किती?"

"रुंदी?"

"मोजली नाहीत?"

त्यांनी टेप काढली, खाली गेले, वर आले आणि म्हणाले, "नाही. लहान गाडी घ्या. तीन माणसांना आठ सीट कशाला? वडील येतील तेव्हा मोठी भाड्याने आणा."

मला काय झोंबलं सांगू. "मी यांचा भाडेकरू आहे की मुलगा?" मी घरी येऊन अनघावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता, पण मालकांवर ओरडण्याइतकं जपानी मला येत नव्हतं.

पुढचे तीन शनिवार त्यांनी मला जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरवलं. कार्डिगनसकट गाडीखाली झोपायचे, धुराचा वास घ्यायचे, विक्रेत्याला विचारायचे, "हा आकडा तुम्ही मोजलात?" आम्ही दिसलो की विक्रेते आत जाऊ लागले. मी मान खाली घालून उभा.

जानेवारीत एका सकाळी गॅलरीतून बघतो तर मालकांनी पिवळी गाडी अगदी भिंतीला चिकटवून लावली होती, उजवं दार उघडणारच नाही अशी. आणि स्वतः डाव्या दारातून बाहेर यायची खटपट चालली होती. गिअरवरून सरकत, डोकं आधी, एक पाय आत अडकलेला. मालकीणबाई टेप धरून उभ्या. बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर. चार-पाच वेळा. मी सोमवारी ऑफिसात याची नक्कल करून दाखवली. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. "म्हातारा पार कामातून गेला," असं मी म्हणालो. हे माझे शब्द आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी मला यादी आणून दिली. चार लहान वापरलेल्या गाड्या, सुबक अक्षरात, प्रत्येकीच्या रुंदीखाली लाल रेघ. मी ती चुरगळून कचऱ्यात टाकली. कचरा कोण तपासतं हे मला माहीत होतं. रागात ते लक्षात राहिलं नाही. या वेळी पिशवी परत आली नाही, आणि जिन्यात भेटल्यावर मालक त्या यादीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत.

मग मी आमच्या लोकांमध्ये चालणारा मार्ग धरला. दीड तासावरच्या गावात देसाई नावाचा मित्र कंपनीच्या वसाहतीत राहायचा. तिथे गाडीला हवी तेवढी जागा आणि विचारणारं कोणी नाही. त्याच्या पत्त्यावर जागेचा कागद केला, त्याच पत्त्यावर गाडी नोंदवली आणि व्हॅन नागोयात आणून आमच्या घरामागच्या नदीच्या बांधावर लावू लागलो. "सगळे करतात," देसाई म्हणाला. खरंच बरेच जण करत होते. पुण्यात गाडी कुठे लावली हे कोणी विचारतं का? मी स्वतःला हुशार समजत होतो.

तीन आठवडे निभावलं. मग एका सकाळी काचेवर पोलिसांची चिठ्ठी. नंबर बाहेरगावचा, गाडीवाला मात्र इथे राहतो, हे वस्तीत कोणाला कळायला वेळ लागला नाही. मार्च महिना होता. आमच्या वरचं घर रिकामं होत होतं आणि ते प्रोजेक्टमधल्या पेंडशेला मिळायचं ठरलं होतं. त्याची बायको सहा महिन्यांचं मूल घेऊन पुण्याहून निघायच्या बेतात होती. समितीने सभा बोलावली. विषय एकच: या इमारतीत यापुढे परदेशी भाडेकरू नकोत.

अनघा आणि मी मागे बसलो होतो. चटया, बाहेर चपलांच्या रांगा. एक बाई उठून म्हणाल्या, "आम्ही आधीच सांगितलं होतं." समितीच्या प्रमुखाने मालकांनी दिलेला तो शिक्क्याचा कागद वाचून दाखवला, सावकाश, एकेक शब्द. मला वाटलं, मालक आता मला उभं करतील आणि सगळ्यांसमोर झाडतील. मी तयारी ठेवली होती. झाडलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ टेकवलं. ज्याने फोरमनपुढे मान वाकवली नाही, तो माणूस माझ्या व्हॅनपायी शेजाऱ्यांपुढे जमिनीवर वाकला होता. मग ते उठून बसले आणि म्हणाले, "चूक माझी. मी जागा दिली नाही. आठ दिवसांत ती गाडी माझ्या आवारात असेल. वरचं घर ठरल्याप्रमाणे द्यायचंय."

समितीने मान्य केलं. मला वाटलं, भाजीवाला उठणार. इतकी अक्कल.

रविवारी आम्ही बाहेर गेलो होतो. परत आलो तर भिंतीजवळ पिवळी गाडी नव्हती. मालक गुडघ्यांवर बसून खडूने जमिनीवर माझ्या व्हॅनच्या मापाच्या रेघा मारत होते. मला बघून उठले, कार्डिगनचं बटण उघडलं, कागद काढला. त्यावर शिक्का मारून तयार होता.

"तुमची गाडी कुठाय?"

"गेली. तोयोहाशीच्या एका माणसाने नेली. तरुण आहे, पण हात चांगला आहे."

उरलेलं मालकीणबाईंनी दोन दिवसांनी अनघाला जिन्यात सांगितलं. भिंतीजवळची जागा दीड गाडीची. पिवळी भिंतीला चिकटवली तर शेजारी लहान गाडी बसत होती. व्हॅन बसत नव्हती. म्हणून ते डाव्या दाराने उतरायचा सराव करत होते, कंबर धरून, माझ्यासाठी. "मला ती गाडी कधीच आवडली नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "उतरताना पाठ मोडते. पण रविवारपासून ते जेवत नाहीयेत नीट."

मी तडक वर गेलो. अनघा मागे धावत आली, कारण भांडायला मला तीच लागायची. पण मी तिच्यासाठी थांबलो नाही; जपानी, इंग्रजी, शेवटी सरळ मराठीत ओरडलो. एक वाक्य बोलायचं होतंत! टॉयलेट पेपरवर महिनाभर बोलता, खांबांवर दोन तास बोलता, आणि 'माझ्या गाडीशेजारी लहान गाडी बसेल' एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही? माझ्यावर उपकार करायचे तर मला विचारून करायचे! अनघाने यातलं जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं.

मालकांनी ऐकून घेतलं. मग तेही चिडले.

"रुंदी विचारली. यादी दिली. चार गाड्या दाखवल्या. आणखी काय सांगायचं?"

"कारण सांगायचं!"

"कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघून लहान गाडी घेतली असती. म्हाताऱ्यासाठी. मला ते नको होतं. गाडी माणसाने स्वतःच्या डोक्याने निवडायची असते."

"मी ही व्हॅन विकतो. उद्याच विकतो. तुम्ही त्या माणसाला फोन करा."

"त्याला शब्द दिलाय," ते म्हणाले. "आणि तुमच्या वडिलांचा गुडघा वाकत नाही, तेही खरंच आहे. ते मी मोजलं नव्हतं."

मी त्या घरातून तसाच खाली आलो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यावरचा राग तिळभरही कमी झाला नव्हता. तो आजही झालेला नाही. ज्या माणसाने आपलं एवढं केलं त्याने आपल्याला रागवायचीही सोय ठेवू नये, हा कुठला न्याय? आणि त्याहून जास्त राग माझा मला येतो. माझ्यासाठी तो माणूस गिअरवरून सरकत होता आणि मी गॅलरीतून हसत होतो.

पेंडशे कुटुंब वरच्या घरात आलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पेंडशे मला म्हणाला, "तुझे मालक जरा विक्षिप्तच दिसतात रे." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मालक मात्र बदलले नाहीत. कचऱ्याच्या पिशव्या पुन्हा दारात येऊ लागल्या. व्हॅनच्या चाकांवर टिचक्या मारून ते माझी बेल वाजवत आणि "मागच्या डावीकडे हवा कमी आहे" असं सांगून जात. पण व्हॅनमध्ये ते कधी बसले नाहीत. बाजारहाटाला त्यांनी सायकल घेतली होती.

एप्रिलमध्ये आईबाबा आले. बाबा मधल्या सीटवर पाय लांब करून बसले आणि हरखले. "काय ऐसपैस जागा आहे रे! पाय ठेवलाय हे कळतसुद्धा नाही." ते इतक्या मनापासून म्हणाले, की मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

एका सकाळी आम्ही सगळे बाहेर निघालो होतो. स्टेशनच्या पुढचा तो चढ, आणि चढावर मालक सायकल ढकलत निघालेले. पुढच्या टोपलीत मुळे, कोबी. कार्डिगन घामाने पाठीला चिकटलेलं.

"अरे, हे आपले मालक ना?" बाबा म्हणाले. "थांब, थांब. एवढी मोकळी गाडी आपली आणि हे म्हातारे गृहस्थ चढावर असे. घे त्यांना. सायकलपण मावेल मागे."

मी गाडी थांबवली. अनघाने दार सरकवलं. मालकांनी आत बघितलं, बाबांच्या पायाकडे बघितलं, आणि बाबांना खाली वाकून नमस्कार केला. पाय व्यवस्थित ठेवता येतो का, असं त्यांनी अनघाला विचारायला लावलं.

"अगदी व्यवस्थित," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, या ना आत."

मालकांनी हात हलवून नको म्हटलं, पुन्हा वाकले आणि सायकल ढकलू लागले. अनघाने दार लावून घेतलं.

"का नाही बसले रे?" बाबांनी विचारलं.

"त्यांना सायकल आवडते, बाबा."

"या वयात! पहिल्यापासून सायकलच का त्यांची?"

अनघा आरशातून माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो, आणि गाडी पुढे काढली.